अडुळशाच्या पानाचं मानक : प्रकल्पाची वही

११ डिसेंबर २०२३
औषधासाठी विकलं जाणारं अडुळशाचं पान खरं आणि शुद्ध आहे का, हे कोणत्या चाचण्यांनी ठरवायचं ते मानक लिहायचा हा प्रकल्प. आज भोर तालुक्यातलं गाव. सकाळी साडेआठला पोचले तेव्हा बांधावरच्या कुंपणावर दव होतं आणि अडुळसा फुलावर होता. पांढरी फुलं, खालच्या पाकळीवर जांभळट रेघा. फुलाशिवाय नमुना आणू नकोस असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, म्हणून महिनाभर थांबले होते.

जिच्या बांधावरून तोडला त्या आजींना विचारलं, कुंपणाला हेच झुडूप का? म्हणाल्या, "शेळी तोंड लावत न्हाई पोरी. दुसरं काय बी लाव, सुपडा साफ." गंमत म्हणजे शास्त्रीय नावातला 'ॲधाटोडा' हा शब्द तमिळमधून आलाय आणि त्याचा अर्थही तोच, शेळी ज्याला शिवत नाही ते. आजींना सांगितलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

खोकल्याला रस कसा काढता, तेही विचारलं. पान नुसतं ठेचलं तर रस येत नाही, आधी तव्यावर गरम करायचं, मऊ पडलं की फडक्यात पिळायचं आणि मधातून द्यायचं. वासापुटपाक, म्हणजे अडुळशाचं पान गरम करून रस काढायची कृती, आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. त्यामागचं कारण पानाला रस कमी, एवढं साधं आहे हे आज कळलं.

पाच किलो ओलं पान तोडलं. दहा पानं मोजली : लांबी १२ ते २१ सेंटीमीटर, रुंदी ४ ते ८. कडा अखंड, टोक निमुळतं, पानं समोरासमोर. दोन फांद्या फुलांसकट वर्तमानपत्रात दाबल्या. याला नमुना 'अ' म्हणायचं.

१४ डिसेंबर
दाबलेली फांदी पुण्यात कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात ओळख पटवण्यासाठी दिली. ओळखीचा कागद हातात आल्याशिवाय पुढच्या कशालाच अर्थ नाही. प्रबंधात हे एका ओळीत उरकतात, पण सगळी इमारत त्या ओळीवर उभी असते.

पानं माळ्यावर चादरीवर पसरली आहेत, सावलीत. उन्हात वाळवायची नाहीत, कारण या पानातला मुख्य अल्कलॉइड (औषधी परिणाम करणारं रसायन) व्हॅसिसिन हवेने आणि उजेडाने ऑक्सिडाइज होऊन व्हॅसिसिनोन होतो. रोज दोनदा उलटते. आई विचारते, घरभर चहाच्या पत्तीसारखा वास का येतो.

२७ डिसेंबर
वाळलं. पाच किलोचं एक किलोच्या थोडं वर भरलं. हिरवा रंग गेला, वरची बाजू मळकट तपकिरी आणि खालची त्याहून फिकी राखाडी. फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात) वाळलेल्या पानाचं वर्णन असंच आहे, त्यामुळे रंग गेल्याचं दुःख नाही. बाजारात मात्र हिरवंगार वाळलेलं पान मागतात.

३ जानेवारी २०२४
ओळखीचा कागद आला. जस्टिशिया ॲधाटोडा, जुनं नाव ॲधाटोडा वासिका. कामाला सुरुवात.

९ जानेवारी
दिवसभर सूक्ष्मदर्शकावर. पानाचा तुकडा क्लोरल हायड्रेटमध्ये उकळून पारदर्शक केला आणि खालच्या पृष्ठभागापासून सुरुवात केली.

पर्णरंध्र दिसलं की त्याच्या शेजारच्या पेशी बघायच्या. अडुळशात प्रत्येक रंध्राला दोनच साथीदार पेशी असतात आणि त्यांची सामाईक भिंत रंध्राला काटकोनात आडवी जाते, कमरेला पट्टा बांधावा तशी. एकदा डोळ्यात बसलं की विसरत नाही. खालच्या पृष्ठभागाचा रंध्र निर्देशांक (त्वचेच्या पेशी आणि रंध्रं मिळून शेकडा किती रंध्रं) ग्रंथात साधारण ११ ते १८ आहे, माझा सरासरी १४ आला. लव दोन प्रकारची : एक ते तीन पेशींची साधी, अंगावर बारीक पुरळ असल्यासारखी, आणि देठ नसलेली ग्रंथीयुक्त, डोक्याला चार पेशी.

मग आडवा छेद. वरच्या त्वचेखाली लांबट, विडीच्या आकाराचे सिस्टोलिथ, म्हणजे पेशीत साठलेले कॅल्शियम कार्बोनेटचे गोळे. मॅडमनी एक जुनी युक्ती दाखवली. काचपट्टीच्या कडेने पातळ ॲसेटिक आम्लाचा थेंब आत सोडायचा आणि बघत राहायचं. थेंब सिस्टोलिथपर्यंत पोचला आणि बुडबुडे सुटले. कार्बन डायऑक्साइड. सोड्यावर लिंबू पिळल्यासारखं, फक्त चारशे पट मोठं करून. मामांना (प्रयोगशाळेतले) हाक मारून दाखवलं. तेही खुश.

१८ जानेवारी
राख. आयुर्वेदिक फार्माकोपियात वासापत्रासाठी, म्हणजे अडुळशाच्या पानासाठी, मर्यादा अशा आहेत : परके पदार्थ २ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, एकूण राख २१ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आम्लात न विरघळणारी राख १ टक्क्यापेक्षा जास्त नको, अल्कोहोलमध्ये उतरणारा अर्क ३ टक्क्यांपेक्षा कमी नको आणि पाण्यात उतरणारा २२ टक्क्यांपेक्षा कमी नको.

राखेचा २१ हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती. शंभर ग्रॅम पान जाळलं तर एकवीस ग्रॅम मागे राहायला परवानगी? पण ९ तारखेचे बुडबुडे आठवले. हे पान मुळातच खनिजांनी भरलेलं आहे. सिस्टोलिथमधलं कार्बोनेट आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, सगळं राखेतच येणार.

तीन ग्रॅम चूर्ण मुशीत, भट्टीत रात्रभर. उद्या वजन.

१९ जानेवारी
एकूण राख १२.९ टक्के. मर्यादा २१. उत्तम! पांढरीशुभ्र राख, कोळशाचा कणही नाही. बाकीचे दोन प्रयोगही १३ च्या आसपास.

२३ जानेवारी
वरची नोंद रद्द. खोडत नाहीये, राहू दे डोळ्यासमोर.

भट्टीचं तापमान ४५० अंशांच्या वर जायला नको. आधीच्या कुणीतरी ६५० वर काम केलं होतं आणि मी आकडा न बघता बटण दाबलं. एवढ्या तापमानाला कार्बोनेट फुटायला लागतं, अल्कली क्लोराइडं उडून जातात आणि राख हलकी भरते. म्हणजे ज्या आकड्यावर मी खुश होते तो माझ्या चुकीचा आकडा होता. आणि चुकीने मी 'पास' झाले होते, म्हणून चार दिवस संशयही आला नाही. नापास झाले असते तर त्याच संध्याकाळी भट्टी तपासली असती.

४५० वर पुन्हा. एकूण राख १६.८. ती २५ मिलिलिटर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटं उकळली, राखरहित गाळणकागदावर घेतली, गरम पाण्याने धुऊन पुन्हा जाळली. उरली ०.५ टक्के. पानाचं स्वतःचं कॅल्शियम आम्लात निघून जातं आणि मागे राहते ती बहुतेक माती-वाळू. पहिला आकडा झाडाचा आणि दुसरा आपल्या हाताचा, असं मी माझ्यापुरतं लक्षात ठेवते.

६ फेब्रुवारी
अर्क. पाच ग्रॅम चूर्ण, शंभर मिलिलिटर अल्कोहोल, चोवीस तास. पहिले सहा तास अधूनमधून हलवायचं, पुढचे अठरा तास ठेवून द्यायचं. पाण्याच्या अर्काला साधं पाणी नाही, क्लोरोफॉर्म-पाणी, नाहीतर चोवीस तासांत आंबतं. दोन्ही मर्यादेच्या बरेच वर. लिहिण्यासारखं काही नाही.

४ मार्च
आता बाजार. पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून वाळलेला पाला घेतला, अर्धा किलो. बहुतेक चुरा, अखंड पान एकही नाही. दुकानदार काका म्हणाले, "माल गुजरातकडनं येतो. सगळे हाच नेतात." नमुना 'ब'.

१२ मार्च
'ब' चे आकडे : एकूण राख १३.६. आम्लात न विरघळणारी ०.७. अल्कोहोल अर्क आणि पाण्याचा अर्क, दोन्ही मर्यादेच्या आत. सगळीकडे बरोबरची खूण. वर्गातल्या मैत्रिणीने विचारलं, मग सूक्ष्मदर्शन कशाला करतेस, पास तर झालाय.

केलं, कारण जानेवारीतली ती न खोडलेली नोंद.

१४ मार्च
'ब' मध्ये दोन पानं आहेत.

पहिल्या काचपट्टीवर सगळं ओळखीचं : पट्टा बांधलेली रंध्रं, सिस्टोलिथ, आम्ल घातलं की बुडबुडे. दुसऱ्या पट्टीवर रंध्राभोवती चार-पाच पेशी, कशाही मांडलेल्या, जोडीचा पत्ता नाही. सिस्टोलिथ नाही. आम्ल घालून पंधरा मिनिटं बसले, एक बुडबुडा नाही. चुरा भिंगाखाली पसरून चिमट्याने वेगळा करायला घेतला तर काही तुकड्यांच्या कडेला ठसठशीत दाते निघाले. अडुळशाची कडा कधीच दातेरी नसते.

मॅडम बघून म्हणाल्या, "महारुख असेल. खात्री कर, अंदाज लिहू नकोस."

१६ मार्च
महारुखाचं झाड शोधायला लांब जावं लागलं नाही, कॉलेजच्या मागच्या रस्त्यालाच आहे. पिसासारखं संयुक्त पान, पर्णिकांच्या कडेला मोठे दाते. पर्णिका वाळवली, छेद घेतले आणि 'ब' मधल्या दातेरी तुकड्याशेजारी ठेवून पाहिले. तेच. आयलँथस एक्सेल्सा, कुळच वेगळं.

ही भेसळ पाठ्यपुस्तकात आहे, मी काही शोध लावलेला नाही. पण कारण शोधताना जे सापडलं ते माझ्यापुरतं नवीन होतं. गुजरातीत अडुळशाला म्हणतात 'अरडूसी' आणि महारुखाला 'अरडूसो'. एका वेलांटीचा फरक. तोडणाऱ्याने काय ऐकलं, दलालाने काय लिहिलं आणि गोणीवर काय आलं, कोण सांगणार? दुकानदार काकांना मी लबाड म्हणणार नाही. पान त्यांच्यापर्यंत पोचतं तेव्हा त्याचा चुरा झालेला असतो.

आणि दुसरी गंमत. राजस्थान-गुजरातेत अरडूसोचा पाला शेळ्यांना चारा म्हणून घालतात. आवडीने खातात. भोरच्या आजींची शेळी दोन्ही पानं बिनचूक वेगळी करील आणि आमचे चारही आकडे करू शकत नाहीत.

१९ मार्च
हे मला दोन दिवस सोडत नव्हतं, म्हणून हिशोब केला. शुद्ध महारुखाच्या पानाची राख काढली. माझ्या अडुळशापेक्षा बरीच कमी भरली. म्हणजे अडुळशात जितका महारुख मिसळाल तितकी एकूण राख खाली येते आणि नमुना मर्यादेपासून आणखी सुरक्षित अंतरावर जातो! 'पेक्षा जास्त नको' ही अट फक्त वरून राखण करते, जास्तीची माती, जास्तीचा कचरा. खालून कुणी शिरलं तर दार उघडं. 'ब' चे १३.६ बघून मला आनंद व्हायला नको होता, विचारायला हवं होतं, इतके कमी का?

भट्टीने जानेवारीत हेच शिकवलं होतं. तेव्हा भट्टी बिघडवून आकडा कमी आला, आता पान बिघडवून.

परक्या पदार्थांची २ टक्क्यांची अट हे पकडायला हवी होती, मान्य. पण ती चाचणी हाताने निवडून करायची असते, अखंड पानावर. चुऱ्यात ती करायला माझा एक अख्खा दिवस गेला आणि चूर्णात ती करताच येत नाही. चूर्ण विकत घेणाऱ्या कारखान्याने ती करायची कशी?

२२ एप्रिल
ऊन मरणाचं. भोरला पुन्हा. या वेळी मुद्दाम रस्त्याकडेच्या कुंपणाचं पान घेतलं, जिथून डंपर जातात. पानावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. नमुना 'क'. त्यातला अर्धा तसाच वाळवायचा, अर्धा तोडल्यावर लगेच वाहत्या पाण्यात धुऊन.

आजी म्हणाल्या, रस्त्याकडचा पाला आम्ही पोरांना देत नाही. कारण विचारलं तर माझ्याकडे अशा बघितल्या की मी वहीत काही लिहिलं नाही. ते आत्ता लिहितेय.

८ मे
'क' न धुतलेला : एकूण राख १९.४, पास. आम्लात न विरघळणारी १.७, नापास. धुतलेला : ०.६, पास. पाण्याच्या अर्कात धुण्याने काही फरक पडला नाही, ती भीती खोटी निघाली. मात्र वाळल्यावर धुवायचं नाही, तेव्हा पानातलं कामाचंच पाण्यात जातं.

धुतल्याने माती जाते, पण गाडीच्या धुराबरोबर बसलेलं जातं का हा प्रश्न वेगळा. शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा), कॅडमियम ०.३, आर्सेनिक ३, पारा १, या मर्यादा आहेत. आमच्याकडे यंत्र नाही, नमुने बाहेर पाठवायचे तर खर्च येतो. मॅडमनी दोन नमुन्यांपुरतं मंजूर करून आणलं. 'अ' आणि न धुतलेला 'क' पाठवले.

२१ मे
टीएलसी, म्हणजे अर्कातले घटक पट्टीवर वेगळे करून बघायची चाचणी. सिलिका जेलची पट्टी, इथाइल ॲसिटेट, मिथेनॉल आणि थोडा अमोनिया. पहिल्या दोन पट्ट्यांवर डाग शेपटीसारखे ओढले गेले. टाकीत बाष्प भरू न देता पट्टी उभी केली होती, घाई. तिसरी छान आली. ड्रॅगनडॉर्फ (अल्कलॉइडला रंग आणणारं रसायन) फवारलं की व्हॅसिसिन नारिंगी उमटतं.

तुलनेसाठी घेतलेल्या शुद्ध व्हॅसिसिनच्या समोर 'अ' ठळक, 'क' ठळक, 'ब' फिका पण आहे. हेच धोक्याचं. 'आहे का' असं विचारलं तर 'ब' चं उत्तर हो. किती आहे ते मोजायला एचपीटीएलसी, म्हणजे याच चाचणीची यंत्रावर मोजता येणारी पद्धत, लागणार, तिची वेळ ऑगस्टमध्ये मिळेल.

मामांनी विचारलं, हे व्हॅसिसिन म्हणजे नेमकं काय. खोकल्याच्या बाटलीवर ब्रोमहेक्झिन लिहिलेलं असतं ना, ते याच रेणूवरून सुचलेलं औषध, आणि ॲम्ब्रॉक्सॉल त्याच्या पुढचं भावंड. मामा म्हणाले, "म्हंजे कंपनीनं बी आजीचंच घेतलं." अगदी तसं नाही, पण मी वाद घातला नाही. गर्भाशयावर परिणाम असल्याने गरोदर बाईने अडुळसा मनाने घेऊ नये, हे मात्र त्यांना सांगून ठेवलं. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत.

२ जुलै
पावसाळी तोडणी करायचीच होती, कारण पुरवठादार पावसाळ्यात थांबत नाहीत. पालख्या कालपरवा शहरात होत्या, भोरला जायला त्या गर्दीतून तीन तास लागले. पान मोठं, मऊ, हिरवंगार. नमुना 'ड'.

९ जुलै
'ड' चौथ्या दिवशी काळं पडायला लागलं. आज खालच्या थराला पांढरी बुरशी. माळ्यावर पंखा लावला होता, पण एकावर एक थर जाड झाले होते. अर्धं फेकलं, उरलेलं ४० अंशांच्या ओव्हनमध्ये.

राख, अर्क, सगळं करून बघितलं तर सगळं मर्यादेत बसलं. बुरशी लागलेला ढीगसुद्धा! बुरशी राखेत दिसत नाही. सूक्ष्मजीव चाचणीत मात्र यीस्ट आणि बुरशीची मर्यादा एका ग्रॅमला १००० आहे आणि आमच्या बशीवर वसाहती मोजण्यापलीकडे होत्या, जाजमासारख्या.

१२ जुलै
बाहेर पाठवलेल्या नमुन्यांचा अहवाल आला. चारही धातू दोन्ही नमुन्यांत मर्यादेखाली. 'क' मधलं शिसं 'अ' पेक्षा जास्त आहे पण मर्यादेत. एका रस्त्याच्या एका नमुन्यावरून रस्त्याकडचा पाला चालतो असं मी लिहिणार नाही. आजींचं मत जास्त पटतं.

१९ जुलै
मॅडमबरोबर मसुद्यावर बसले. दीड तास, दोन चहा.

मी मांडलं ते असं. चूर्ण असो की चुरा, पहिली चाचणी सूक्ष्मदर्शनाची, आणि तिथे नापास तर पुढचं काही करायचंच नाही. सध्या आमच्या नमुना-तक्त्यात ती सहावी आहे आणि सहाव्यापर्यंत कुणी जात नाही. तक्त्यात दोन वाक्यं हवीत : दोन साथीदार पेशींची आडवी रंध्रं दिसली पाहिजेत, आणि आम्लाने बुडबुडे सोडणारे सिस्टोलिथ दिसले पाहिजेत. शिवाय जे दिसायला नको तेही लिहायचं : दातेरी कड, आणि भोवती कशाही पेशी असलेली रंध्रं. यावर मॅडमचा काही आक्षेप नाही.

दुसरं, एकूण राखेला खालचीही मर्यादा. माझ्या शुद्ध नमुन्यांतला सर्वात कमी आकडा १५.२ आहे, पावसाळी 'ड' चा. मी म्हटलं, १४ धरू. इथे अडलं. मॅडम म्हणाल्या, एका तालुक्यातल्या तीन तोडण्यांवरून तू देशातल्या अडुळशाला १४ सांगणार? कोकणातल्या जांभ्यावर वाढलेला १२ भरला तर तो खोटा ठरवशील? शिवाय केरळात ज्याला वापरतात तो छोटा अडुळसा वेगळ्याच जातीचा, त्याचं काय?

जातीचा मुद्दा मला लागू वाटत नाही, आपण एकाच जातीचं मानक करतोय. जांभ्याचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ठरलं असं की मसुद्यात खालची मर्यादा लिहायची नाही, 'निरीक्षण' म्हणून नोंदवायचं, आणि येत्या हिवाळ्यात कोकण, मराठवाडा आणि विदर्भातून फुलावर असताना निदान दोन-दोन नमुने आणायचे. मला हे थोडं मागे सरकल्यासारखं वाटलं. घरी येऊन पुन्हा आकडे मांडले, तरी तीन नमुन्यांचे तीनच राहिले.

शेळीची गोष्टही सांगितली. मॅडम हसल्या, म्हणाल्या तोंडी परीक्षेत सांग, तक्त्यात नको.

२३ जुलै
वाळवण्याचं एक पान लिहून भोरला पाठवलं : रस्त्यापासून आत तोडायचं, तोडल्या तोडल्या धुवायचं, थर बोटभरापेक्षा जाड नको, पावसाळ्यात शक्यतो तोडायचंच नाही, आणि गोणीत भरताना निदान मूठभर पानं अखंड ठेवायची. आजींच्या नातवाने वाचून दाखवलं आणि फोन केला. शेवटचं कलम सोडून बाकी सगळं आम्ही करतोच म्हणाला. अखंड पानं का, ते विचारत होता. अख्ख्या पानाला कड असते, म्हटलं.

कामं राहिली : एचपीटीएलसीची तारीख पक्की करणे. ॲसेटिक आम्ल संपलंय. भट्टीच्या दारावर '४५०' असं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवणे.